डोंगरीच्या बीटावर शिकलेले

माझ्या टपाल खात्यातल्या नोकरीची बहुतेक वर्षे डोंगरी, उमरखाडी, चिंचबंदर आणि मशीद बंदर या भागात पत्रे वाटण्यात गेली. पोस्टमनला रस्त्यांची नावे दिवसातून जितक्या वेळा वाचावी लागतात तितकी शहरात दुसऱ्या कोणाला लागत नसतील. पण नाव वाचणे वेगळे आणि ते तिथे कसे आले हे कळणे वेगळे. ते कळावे म्हणून मी सुटीच्या दिवशी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागलो, जुनी चरित्रे चाळू लागलो, गल्लीतल्या वयस्क माणसांना विचारू लागलो. डोंगरीचा जुना तुरुंग आणि त्याच्या आजूबाजूचे रस्ते, पूल, स्थानके यांच्या नावांतून इंग्रजी राज्याचा कारभार मला जसा समजला, तसा तो शाळेच्या पुस्तकातून कधी समजला नव्हता. त्या वाचनातून आणि पायपिटीतून जे हाती लागले ते इथे मांडतो.

१. पत्ता एका काळाचा नसतो

आमच्याकडे येणाऱ्या पाकिटावर साधारण असा पत्ता असायचा: जेल रोड, उमरखाडी, सँडहर्स्ट रोड स्टेशनजवळ, मुंबई ४००००९. एका ओळीत मावणारा हा मजकूर, पण त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या काळातून आलेला. उमरखाडी ही खरोखरची खाडी होती. मुंबई आणि माझगाव ही बेटे वेगळी होती तेव्हा त्यांच्या मधून भरतीचे पाणी आत यायचे. पुढे भराव पडला, पाणी गेले, नाव राहिले. डोंगरी म्हणजे तिथली टेकडी. चिंचबंदर, वाडीबंदर ही नावे होड्या लागायच्या त्या धक्क्यांची. ही सगळी नावे इथे राहणाऱ्यांनी आपल्या सोयीने ठेवलेली. झाड, पाणी, चढ, धक्का यांवरून ठेवलेली.

त्यांच्या शेजारी ‘जेल’ आला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कंपनी सरकारने उमरखाडीत तुरुंग बांधला तेव्हा. सरकारी कागदात त्याला उमरखाडीचा तुरुंग म्हणत, लोक डोंगरीचा तुरुंग म्हणत. आणि सँडहर्स्ट हा गव्हर्नर. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहायचे आहे.

नवा पोस्टमन बीटावर आला की मी त्याला पहिली गोष्ट हीच सांगायचो. एकाच रस्त्याची जुनी, नवी आणि बोलण्यातली अशी सगळी नावे पाठ पाहिजेत. म्हातारी माणसे एक लिहितात, बँका दुसरे लिहितात, गावाकडची मंडळी तिसरेच. कोणतेच चुकीचे नसते. पत्र मात्र एकाच दारात पोचवायचे असते.

२. आधी तुरुंगाकडे पाहावे, मग पाट्यांकडे

डोंगरीचे नाव काढले की लोक आजकाल गुन्हेगारी जगाच्या गोष्टी सांगू लागतात. सिनेमांनी ते नाव तसे करून ठेवले आहे. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग या वस्तीतल्या एका दगडी इमारतीतून गेला आहे.

१८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना त्यांचे कारभारी माधवराव बर्वे आणि इंग्रज अधिकारी फार वाईट वागवतात, त्यांना वेडे ठरवण्याचा घाट घातला आहे, असा मजकूर या वर्तमानपत्रांनी छापला. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले होते ती बनावट निघाली. १७ जुलै १८८२ रोजी संपादक टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि दोघांना डोंगरीला आणले. खटला चालू असताना दोघांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये लागणार होते. महात्मा फुल्यांच्या शब्दावर रामशेट बापूशेट उरवणे यांनी ते भरले. टिळकांचे आणि फुल्यांचे मार्ग किती वेगळे होते ते आपण जाणतो, म्हणून हा प्रसंग मला मुद्दाम सांगावासा वाटतो.

आगरकरांना नुकतीच सव्वीस वर्षे पूर्ण झाली होती. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस २३ जुलैला, म्हणजे तुरुंगात आल्यावर आठवड्याच्या आत आला. २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी लगेच ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. मराठीतल्या तुरुंगलेखनाची सुरुवात मी तिथून धरतो. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वरून केलेल्या ‘विकारविलसित’चे कामही आगरकरांनी याच तुरुंगवासात केले. एका खोलीत बंद असलेले हे दोन मित्र पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावरून कायमचे दुरावले, हे आठवले की त्या भिंतीजवळून जाताना मला गलबलून येई.

आणि ज्यांच्यासाठी लेखणी चालली त्या छत्रपतींचे काय झाले? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, देखरेखीवर ठेवलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. पत्रे बनावट होती, पण त्या तरुण राजाची दैना खरी होती.

टिळक डोंगरीला पुन्हा आले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाल्यावर त्यांना आधी इथेच ठेवले, मग भायखळ्याला आणि तिथून येरवड्याला नेले. १९०८ च्या खटल्याच्या वेळी ते परत इथे होते. २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मंडाले ठरले, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. तीन वर्षांनी सावरकर आले. ‘माझी जन्मठेप’ची सुरुवात अंदमानात होत नाही, डोंगरीच्या कोठडीत होते. अंदमानच्या सेल्युलर जेलला जाऊन डोके टेकवणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक आहे?

आज तिथे मुलांचे निरीक्षणगृह आहे. १९२४ साली मुंबईत बालकांसाठी कायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि तुरुंगाच्या आवारात कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा वाऱ्यावर पडलेल्या मुलांची सोय झाली. तिथे कोणालाही सहज आत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मुलांचा खासगीपणा इतिहासाच्या कुतूहलापेक्षा मोठा आहे. मी टपाल द्यायचो ते फाटकापर्यंतच. पण भिंत बाहेरून कोणालाही दिसते. काळ्या दगडाची, उंच, ऊन कलले की सगळा रस्ता सावलीत घेणारी. त्या सावलीत हातगाडीवाले विसावतात, शाळा सुटलेली मुले क्रिकेट खेळतात.

३. ज्याने कैद केले त्याचे नाव रस्त्याला

ही गोष्ट मला समजली तेव्हा मी बरेच दिवस अस्वस्थ होतो.

लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत, सप्टेंबर १८९६ मध्ये, आमच्याच शेजारच्या मांडवीत प्लेग निघाला. तो प्लेगच आहे हे ओळखणारे डॉक्टर गोव्याचे, अकासिओ व्हिएगस. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे. धोबीतलावला जाणाऱ्याने तो कोणाचा आहे हे एकदा थांबून वाचावे. बंदरावर उतरणारे धान्य, गोदामांतले उंदीर, काळोख्या खोल्यांतली दाटी यांमुळे रोग या वस्तीतून शहरभर पसरला. लाखो लोक गावाकडे पळाले.

पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडच्या सोजिरांनी घरात घुसून जे केले ते मराठी वाचकाला सांगायला नको. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीच्या गव्हर्नराच्या बंगल्यातून परतत असताना चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. महिन्याभरानंतर टिळकांना पकडले. राजद्रोहाचा खटला सरकारच्या मंजुरीशिवाय उभा राहू शकत नव्हता, आणि ते सरकार सँडहर्स्टचे होते.

दुसरीकडे, प्लेगच्या धसक्याने १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडायच्या, समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढायचे, असे त्याचे काम. चौपाटीकडून पूर्वेला डोंगरीपर्यंत वस्त्या फोडून जो मोठा रस्ता निघाला त्याला गव्हर्नराचे नाव दिले, सँडहर्स्ट रोड. पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले. म्हणजे ज्याच्या राज्यात टिळक डोंगरीच्या तुरुंगात गेले, त्याच्याच नावाच्या स्थानकावर उतरून आज डोंगरीच्या तुरुंगाकडे जायचे.

सुधार ट्रस्टचे सगळे वाईट असे मी म्हणणार नाही. रस्ते रुंद झाले, उजेड आला. विस्थापितांसाठी ज्या चाळी बांधल्या त्या ‘बी.आय.टी.’ चाळी म्हणून मुंबईकराला माहीत आहेत. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. इमामवाड्याच्या बी.आय.टी. चाळींचे जिने मी चढलो आहे आणि तिथल्या बायकांनी उन्हाळ्यात न मागता पाणी पुढे केले आहे. पण रस्ता कोणाच्या घरांवरून गेला हे त्या काळी कोणी पाटीवर लिहिले नाही. ज्याने हुकूम दिला त्याचे नाव लिहिले. इंग्रजी अमदानीतल्या रस्त्यांच्या नावांची ही रीतच होती. ग्रँट रोड, फॉकलंड रोड, फ्रिअर रोड, रे रोड: गव्हर्नरांची यादी पाठ करायची असेल तर मुंबईचा जुना नकाशा पुरतो.

४. तुरुंगाने सरकारला माणसे पुरवली

हा धडा मला हाफकिन यांच्याविषयी वाचताना मिळाला. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. प्लेग निघाल्यावर ते मुंबईला आले आणि डोंगरीपासून चालत जाता येईल अशा ग्रँट मेडिकल कॉलेजात, अगदी थोड्या जागेत, त्यांनी प्लेगची लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. लस घेतलेल्यांत आजार खूपच कमी निघाला. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगातही तसाच प्रयोग झाला.

हाफकिन यांच्याविषयी मला आदरच आहे. परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले ते अगदी योग्य झाले. माझ्या मनात प्रश्न येतो तो कैद्यांचा. बाहेर शहरात लोक सरकारी डॉक्टरांपासून लपत होते, आजारी माणसाला माळ्यावर दडवत होते. तुरुंगात माणूस मोजलेला, नोंदलेला, एका जागी असतो. त्याची तयारी किती खरी, किती नाइलाजाची, हे त्याला कोणी विचारले असेल का? त्या लशीने पुढे असंख्य जीव वाचवले. ती ज्यांच्या दंडावर आधी आजमावली गेली त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. शहरातल्या एखाद्या पाटीवर त्यांचा उल्लेख झाला तर मला बरे वाटेल.

५. सातारचा हमाल आणि कर्नाकचा पूल

माझ्या बीटावरून सर्वांत जास्त मनीऑर्डरी जायच्या सातारा जिल्ह्यात. पाटण, जावळी, कोरेगाव, वाई. मशीद बंदरच्या गोदामांतून, वाडीबंदरच्या यार्डातून, पाठीवर गोणी वाहणारे माथाडी. सहा-आठ जण मिळून एक खोली, रात्रपाळीचे आणि दिवसपाळीचे आळीपाळीने झोपणारे. १९६९ साली माथाडी कायदा झाला त्यामागे याच माणसांची आणि अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. पुढे घाऊक बाजार तुर्भ्याला गेला तसे पुष्कळजण तिकडे गेले.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांचे फॉर्म भरून द्यायचो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बरेचजण सांगायचे, “लिवा, कर्नाक बंदर.” एकदा एका वयस्क हमालाने विचारले, “ह्यो कर्नाक कोन म्हनायचा, दादा?” मी उत्तर शोधून काढले आणि पुढच्या महिन्यात त्याला सांगितले. ते उत्तर त्यालाच सर्वांत जास्त लागू होते.

सर जेम्स रिव्हेट-कर्नाक १८३९ ते १८४१ मुंबईचे गव्हर्नर होते. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यावर इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा आरोप ठेवला गेला. कर्नाक स्वतः साताऱ्याला गेले आणि आरोप कबूल करून सही करा, म्हणजे गादी राहील, असा प्रस्ताव ठेवला. महाराजांनी केला नाही तो गुन्हा कबूल करायला साफ नकार दिला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले. तिथेच १८४७ साली ते वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथल्या दारांवर धडका देऊन रिकाम्या हाताने परतले. १८४८ साली धाकटे भाऊ शहाजी वारल्यावर कंपनीने सातारचे राज्यच खालसा केले.

हे ऐकून तो हमाल थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आमच्या म्हाराजांना काढलं त्यानं, आन आमी त्येच्याच बंदरावर वझी वाहतोय.” दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्या टोळीला ही हकीकत सांगितली आणि पुढे कित्येक दिवस नवीन मंडळी मला थांबवून ती पुन्हा ऐकवायला लावत. ज्या माणसाला शाळेचे तोंड फारसे पाहायला मिळाले नाही, त्याला आपल्या पत्त्यातला इतिहास लगेच कळतो आणि लागतो, हे मी तेव्हा पाहिले.

कर्नाकचा जुना पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला. नवा पूल १० जुलै २०२५ रोजी खुला झाला आणि त्याला ‘सिंदूर पूल’ असे नाव दिले. कर्नाकचे नाव गेले याचे मला समाधान आहे. पण माझे मत विचाराल तर तिथे प्रतापसिंह महाराजांचे किंवा रंगो बापूजींचे नाव यायला हवे होते. ज्या अन्यायाची ती खूण होती, त्याच अन्यायाला ते उत्तर झाले असते.

६. सगळी जुनी नावे गोऱ्यांची नाहीत

मशीद स्थानकाजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटला पुष्कळजण इंग्रज साहेबाचे नाव समजतात. ते आहे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांचे. दिवेकर हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. आडनावही जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावावरून. दिवेकर कंपनीच्या फौजेत देशी अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारले. तेही कैदेतून सुटलेलेच, हे मला तुरुंगाशेजारच्या वस्तीत फार अर्थपूर्ण वाटते. या प्रार्थनागृहाला आजूबाजूचे लोक ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते.

माझ्या काळात त्या गल्लीत इस्रायलहून निळी हवाई पत्रे येत. पाकिटावर परकी लिपी, आत मराठी. एक आजी डोळ्यांनी अधू झाल्या होत्या, त्या मला वाचून दाखवायला सांगत. “भाऊ, सावकाश वाच,” म्हणत. पत्रात पापलेटाचे कालवण, नातवंडांची लग्ने आणि अलिबागकडच्या घराची चौकशी. तशी पत्रे हळूहळू कमी झाली, मग थांबली.

सॅम्युएल हे नाव परके वाटते म्हणून उद्या कोणी बदलायला निघाले, तर तो एका मराठी माणसावर अन्याय होईल. म्हणून नाव पुसण्याआधी ते कोणाचे आहे हे पाहावे. पलीकडे इमामवाड्यात इराणी व्यापारी हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी १८६० साली बांधलेली निळ्या फरशांची मुघल मशीद आहे. शेजारची नवरोजी टेकडी पारशी सेठ घराण्यातल्या नवरोजींची. इंग्रजी राज्यात या लोकांनी व्यापार केला, चाकरी केली, धर्मस्थळे बांधली, विहिरी आणि टाक्या खोदल्या. त्यांची नावे हुकमाने आली नाहीत. लोकांच्या येण्याजाण्यातून रुळली.

७. लोखंडावरही नाव असते

सँडहर्स्ट रोड स्थानकाच्या हार्बर मार्गाच्या वरच्या फलाटाला तोलणाऱ्या खांबांजवळ गर्दी ओसरल्यावर उभे राहून पाहावे. लोखंडावर ‘जी.आय.पी.आर. १९२१’ आणि ‘ग्लेनगारनॉक स्टील’ अशी उठावाची अक्षरे आहेत. ग्लेनगारनॉक हे स्कॉटलंडमधले गाव. पोलाद तिथे तयार झाले, जहाजाने आले, इथे उभे राहिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. रोज हजारो हात त्या खांबांना टेकतात. रंगाचे थर चढून अक्षरे भरत चालली आहेत. रंग देणाऱ्याने तेवढा भाग सोडला तरी पुरे.

८. कोणते नवे नाव रुजते, कोणते कागदावर राहते

याचे काही आडाखे बांधता येतात. फ्रिअर रोडचा पी. डि’मेलो रोड झाला आणि लोकांनी तो मनापासून उचलला, कारण प्लासिड डि’मेलो हे गोदी कामगारांचे पुढारी होते आणि रस्ता गोदीला लागून जातो. नाव आणि जागा यांचा संबंध होता. सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, तो ‘एस.व्ही.पी. रोड’ म्हणून बोलण्यात बसला, पण स्थानक जुन्याच नावाने राहिले. आमच्या सॉर्टिंगच्या टेबलावर त्यामुळे दोन्ही नावांची पत्रे येत.

सात रस्त्याजवळच्या आर्थर रोडची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. सर जॉर्ज आर्थर १८४२ ते १८४६ मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते आजच्या टास्मानियात होते, इंग्लंडमधून हद्दपार केलेल्या कैद्यांच्या बेटावर. तिथल्या पोर्ट आर्थर या कुप्रसिद्ध कैद्यांच्या वसाहतीला त्यांचेच नाव आहे. मुंबईत त्यांच्या नावाच्या रस्त्यावर १९२५-२६ च्या सुमारास तुरुंग उभा राहिला आणि त्या गव्हर्नराचे नाव जगाच्या दुसऱ्या टोकालाही तुरुंगालाच चिकटले. कागदोपत्री तो मुंबई मध्यवर्ती कारागृह आहे. रस्ता आता साने गुरुजी मार्ग आहे. ज्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, त्यांचे नाव तुरुंगापुढच्या रस्त्याला मिळाले. ज्याने हे सुचवले त्याला माझा नमस्कार. तरी लोक ‘आर्थर रोड जेल’च म्हणतात, वर्तमानपत्रेही तेच छापतात. कारण पाटी बदलली, पण पाटीमागची हकीकत कोणी सांगितली नाही.

टिळकांना मंडालेची शिक्षा झाली तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क. १९१३ साली निघालेले सिडनहॅम कॉलेज आजही त्यांच्या नावाने चालते आणि आपल्या कित्येक पिढ्या तिथे वाणिज्य शिकल्या. ते नाव बदला असे माझे म्हणणे नाही. तिथल्या विद्यार्थ्याला हे नाव कोणाचे आणि त्याने १९०८ साली काय केले, एवढे माहीत असावे.

९. आता जे व्हावेसे वाटते

२०२४ साली राज्य विधिमंडळाने मुंबईतल्या सात स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याचा ठराव केला. करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव, डॉकयार्ड रोडचे माझगाव, आणि सँडहर्स्ट रोडचे डोंगरी. मला हा बदल हवा आहे. इथल्या माणसांनी टेकडीला दिलेले नाव गव्हर्नराच्या नावाआधीचे आहे आणि या जागेवर त्याचाच हक्क आहे.

माझी विनंती रेल्वेला, महापालिकेला आणि या वस्तीच्या लोकप्रतिनिधींना आहे. ज्या दिवशी स्थानकावर ‘डोंगरी’ ही पाटी लागेल, त्याच दिवशी फलाटावर दुसरा एक फलक लावा. मराठीत, हिंदीत, उर्दूत आणि इंग्रजीत. सँडहर्स्ट कोण होता, रस्ता का काढला, कोणाची घरे पाडली, हे त्यावर लिहा. तुरुंगाच्या बाहेरच्या भिंतीवर, आतल्या मुलांना कसलाही त्रास होणार नाही अशा जागी, १८८२, १८९७, १९०८ आणि १९११ ही साले आणि त्या त्या वेळी आत असलेल्यांची नावे लिहा. त्यांच्याखाली, ज्यांच्यावर प्लेगची लस आजमावली त्या अनाम कैद्यांसाठी एक ओळ ठेवा. खर्च फार नाही. दगड, रंग आणि चार भाषांतला नेमका मजकूर एवढेच लागेल. मजकूर तपासून द्यायला या गल्ल्यांतली म्हातारी माणसे अजून आहेत, ती आहेत तोवर हे काम करून घ्या.